हंसाबाईंची बावीस सुकेळी

केळं हे फळ खाण्यासाठी असतं, मोजण्यासाठी नसतं, ही गोष्ट खालच्या वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. ती हंसाबाईंना ठाऊक नव्हती, कारण हंसाबाई शिबिराला जाऊन आल्या होत्या.

शिबिर ठाण्याला झालं. चांगलं तीन दिवसांचं, दोन वेळच्या चहासकट. तिथून येताना हंसाबाई एक सायक्लोस्टाइल पुस्तिका घेऊन आल्या. तिचं नाव 'खाऊतून शिक्षण'. पुस्तिकेत लिहिलं होतं की बालवाडीच्या मुलाला पाटीवरचा आकडा परका वाटतो, पण ताटातला पदार्थ आपला वाटतो, सबब रंग, वास, चव आणि संख्या हे सारं खाद्यपदार्थांतून शिकवावं. हंसाबाईंनी पुस्तिकेला खाकी कव्हर घातलं, वर सुवाच्य अक्षरात नाव घातलं आणि सोमवारपासून शिक्षणाला सुरुवात केली.

रंगांच्या दिवशी टोमॅटो, वांगं आणि गाजर आणलं. वासाच्या दिवशी कांदा फोडला, तेव्हा बावीसच्या बावीस मुलं रडली आणि त्यांना बघून हंसाबाई रडल्या. चवीच्या दिवशी कारल्याची चकती जिभेवर ठेवली म्हणून तीन आया भांडायला आल्या. इथवर सगळं पुस्तिकेबरहुकूम चाललं होतं. संख्येच्या दिवशी मात्र घोटाळा झाला. बाईंनी दहा चिकू ओळीत मांडले, मुलांकडून मोजून घेतले, तर सातच भरले. बाईंनी पुन्हा मोजायला सांगितलं, तर पाच भरले. उरलेल्या पाचांचा हिशेब मुलांच्या हनुवटीवरून ओघळत होता. वजाबाकी हा विषय बालवाडीच्या अभ्यासक्रमात नव्हता.

त्यातच तालुक्याच्या कचेरीतून पत्र आलं. खालची वाडी आणि वरची वाडी अशा दोन बालवाड्या अर्ध्या मैलाच्या आत चालतात, तेव्हा दोहोंपैकी एकच पुढे चालू ठेवायची; पर्यवेक्षिका येऊन पाहणी करतील आणि जिथल्या मुलांची प्रगती बरी, ती बालवाडी राहील. प्रगती म्हणजे काय, तेही खाली दिलं होतं. मुलांना रंग ओळखता यावेत, वार सांगता यावेत आणि दहापर्यंत मोजता यावं.

वाडीच्या मंडळाचे अध्यक्ष आत्मारामभाऊ ते पत्र घेऊन स्वतः आले. आत्मारामभाऊ सभ्य गृहस्थ. कुणाला टाकून बोलायचे नाहीत. जे बोलायचं ते काळजी घेतल्यासारखं बोलायचे, त्यामुळे ते जास्त लागायचं.

"बाकी सगळं तुम्ही निभावून न्याल, बाई," ते म्हणाले. "गाणीबिणी तर तुमची छानच. मोजणीचं तेवढं बघा. नाही म्हणजे, प्रत्येकाचा एक विषय असतो."

हंसाबाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मॅट्रिकला त्यांना गणितात एकतीस गुण पडले होते. पस्तीसला पास. हे चार गुण म्हणजे हंसाबाईंच्या जन्माचं दुखणं होतं. लग्नाआधी त्यांच्या बापाने ही गोष्ट प्रामाणिकपणाने वराच्या मंडळींना सांगितली, आणि वराच्या मंडळींनी ती तितक्याच प्रामाणिकपणाने वाडीला सांगितली. तेव्हापासून हंसाबाई बाजारातून डझनभर लिंबं घेऊन आल्या तरी शेजारीण म्हणायची, "मोजून घेतलीस ना गो?"

त्यात त्या माहेरच्या चांदीपच्या, म्हणजे पूर्वेकडच्या, भातशेतीच्या मुलखातल्या. केळी-पानवेलींच्या या बागायती वाडीत भाताकडची सून म्हणजे जरा कमीच. वर्गात हंसाबाई 'पाणी' असं ठसठशीत म्हणत, पण राग आला की चांदीप जिभेवर यायचं. त्या संध्याकाळी त्या नवऱ्याला म्हणाल्या, "मोजनीचं बघा म्हनतात! मना!"

नवरा दयाराम बागायतदारांच्या सोसायटीत काट्यावर होता. दिवसभर केळ्यांचे घड तोलून तो इतका शिणायचा की घरी आल्यावर जगातल्या कुठल्याही प्रश्नाला त्याच्याकडे एकच उत्तर उरायचं.

"मोजू नये," तो म्हणाला. "तोलावं."

पण त्याच्याच डब्यात उरलेलं सुकेळं चावताना हंसाबाईंना ती कल्पना सुचली. माघ संपत आला होता, ऊन खणखणीत होतं आणि सगळ्या वाडीत राजेळी केळी वाळत पडली होती. पिकलेलं राजेळी केळं सोलायचं, कारवीच्या काटक्यांच्या ताटीवर उन्हात मांडायचं, संध्याकाळी दंव पडायच्या आत उचलून झाकायचं आणि सकाळी पुन्हा मांडायचं. आठवडाभरात त्याचं मधासारखं तपकिरी, चिवट सुकेळं होतं आणि ते महिनोन् महिने टिकतं. हंसाबाई ताडकन उठल्या. प्रत्येक मुलाने घरून एक केळं आणायचं. बावीस मुलं, बावीस केळी. रोज सकाळी मोजायची, म्हणजे संख्या झाली. पांढऱ्याचं पिवळं, पिवळ्याचं तपकिरी, म्हणजे रंग झाले. रोज केळं बारीक होणार, म्हणजे मोठं-लहान झालं. सोमवार ते सोमवार वाळवायचं, म्हणजे वार झाले. आणि मुख्य म्हणजे अर्धवट वाळलेलं केळं कोण खातंय? शिक्षणशास्त्रात याहून भक्कम योजना झाली नसेल, असं हंसाबाईंचं प्रामाणिक मत पडलं.

त्यांनी कचेरीला योजना लिहून पाठवली. कचेरीने छापील अर्ज पाठवला. त्यात 'साहित्याचे नग' या रकान्यात बाईंनी 'बावीस केळी' लिहिलं. पुढचा रकाना होता 'साहित्य टिकाऊ की नाशवंत'. इथे हंसाबाई अडखळल्या. खोटं लिहिणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी लिहिलं, 'सोमवारी नाशवंत, पुढच्या सोमवारी टिकाऊ.' अर्ज परत आला. वर तांबड्या शाईचा शेरा होता: 'नेमके कोणत्या वारापासून टिकाऊ, ते कळवावे.' यशोदाकाकूला विचारून बाईंनी 'शुक्रवार दुपारपासून' असं कळवलं. मग मंजुरी आली, आणि केळी मांडल्याच्या पुढच्या सोमवारी पर्यवेक्षिका द्वारकाताई स्वतः येऊन 'मंजूर बावीस नगांची' खात्री करतील, असंही आलं.

यशोदाकाकू म्हणजे बालवाडीला लागून घर असलेली शेजारीण. वाडीची विहीर तिच्याच अंगणात, त्यामुळे वाडीतली प्रत्येक बाई दिवसातून दोनदा त्या अंगणात यायचीच. ताटी त्याच अंगणात मांडायचं ठरलं आणि तिथेच हंसाबाईंच्या हालांना तोंड फुटलं. कारण खालच्या वाडीत दुसऱ्याची केळी वाळताना बघून सल्ला न देता पुढे जाणारा माणूस अजून जन्मायचा होता.

"ताटीचं तोंड असं नको, असं कर," यशोदाकाकू म्हणाली.

"कोणी सांगितलं? असंच बरं," विहिरीवरून इझाबेल म्हणाली. इझाबेलची मुलगी जुलियाना वर्गातली सगळ्यात बोलकी. चार वर्षांची पोर, पण बाईंच्या आधी हजेरी घ्यायची. "आनि बाय, केळ्याला केळं चिकटवून नको मांडू. आमच्या घरी दोन बोटं अंतर ठेवतात."

"दोन? एक बस झालं," तिसरी म्हणाली.

चौथीने येऊन सगळी केळी उलटी केली, पाचवीने सुलटी केली. आत्मारामभाऊ जाता जाता थांबले, लांबून ताटीकडे बघितलं आणि एवढंच म्हणाले, "चांदीपला भात वाळवतात, नाही का?" हंसाबाईंनी ताटी पुन्हा फिरवली.

यशोदाकाकूचा नातू काशीराम हा त्या बावीसांतलाच एक. साडेचार वर्षांचा झाला तरी वर्गात त्याने कधी तोंडातून शब्द काढला नव्हता. घरी मोजून तीन शब्द बोलायचा, त्यातले दोन खाण्याचे. नाव विचारलं की बाईंकडे टक लावून बघत राहायचा. "आजोबाचं नाव ठेवलं, तर आजोबासारखाच घुम्मा निघाला," असं यशोदाकाकू हसत हसत सांगायची. पण सगळ्या बायका गेल्या की ती हळूच विचारायची, "होईल ना गो बाई हा शहाणा?" हंसाबाई म्हणायच्या, "होईल की." त्यांना स्वतःला तेवढी खात्री नव्हती, आणि ते त्यांना फार लागायचं.

सोमवारी बावीस केळी मांडली. प्रत्येक मुलाला आपापलं केळं दाखवलं. एक ते बावीस मोजलं. मुलं दहानंतर भरकटली, पण बाईंना दहापर्यंतच हवं होतं.

मंगळवारी सकाळी मुलांनी मोजलं, तर चोवीस भरली.

हंसाबाईंनी पुन्हा मोजलं. चोवीसच. त्यांनी चारी बाजूंना बघितलं. आत्मारामभाऊ नव्हते, हे बरं होतं. सोमवारी आपलंच मोजणं चुकलं असेल, असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि त्यांना ते चार गुण आठवले.

बुधवारी एकोणतीस भरली.

आता केळं या फळाला अनेक गुण आहेत. ते पोटाला थंड असतं, पूजेला चालतं, आजाऱ्यालाही देता येतं. पण सोलून उन्हात टाकलेलं केळं रातोरात पिल्लं घालतं, असं कुठल्याही शास्त्रात लिहिलेलं नाही. हंसाबाईंनी खाकी कव्हराची पुस्तिका उघडून बघितली. तिच्यात केळी कमी झाल्यास काय करावं ते होतं. वाढल्यास काय, त्याबद्दल लेखकाने मौन पाळलं होतं.

आणि मुलं काही दहावर थांबेनात. बाई म्हणायच्या, "शाबास, दहा झाले, पुरे!" की ओळीच्या शेवटाकडची मुलं गलका करायची, "माझं राहिलं! बाई, माझं राहिलं!" प्रत्येकाला आपल्या केळ्याला आकडा मिळायला हवा होता. आपलं केळं मोजल्याशिवाय राहणं म्हणजे पंगतीत आपल्यालाच वाढायचं विसरण्यासारखं. मग बाईंना एकोणतीसपर्यंत जावं लागलं. जुलियानाने विचारलं, "एकोनतीसच्या पुढे काय, बाय?" बाईंनी सांगितलं, "तीस." "मग उद्या तीस," जुलियाना म्हणाली.

उद्या सदतीस होती.

त्या गुरुवारी हंसाबाई घरी जेवल्या नाहीत. दयाराम म्हणाला, "आण, तोलून देतो." त्यांनी ताटी तोलून आणली. वजन सोमवारपेक्षा कमी भरलं. "वजन घटतंय, आकडा वाढतोय," दयाराम गंभीरपणे म्हणाला. "काटा खोटं बोलत नाही." आणि तो बिचारा पुढचं वाक्य गिळून गप्प बसला, ते हंसाबाईंना न बोलताही ऐकू आलं.

दुपारी त्या चोर पकडायला निघाल्या. म्हणजे केळी घेणारा नव्हे, ठेवणारा चोर. यशोदाकाकू जेवून आडवी झाली होती. अंगणात दोरीवर तिचं नऊवारी वाळत होतं, त्याच्यामागे हंसाबाई लपल्या. पाव तास झाला. मग मोठ्या ऐटीत काशीराम आला. हात मागे बांधून त्याने ताटीभोवती एक फेरी मारली, आत्मारामभाऊंसारखीच. एक चांगलंसं केळं निवडलं, खाल्लं, बोटं चाटली आणि गेला. पाठोपाठ मालन नावाची मुलगी आली, तिनेही एक उचललं. एरवी हंसाबाई ओरडल्या असत्या. त्या दिवशी त्यांना त्या दोघांचे मुके घ्यावेसे वाटले. सदतीसातून दोन गेली! पस्तीस! गाडी रुळावर येत होती. आणखी तेरा पोरांना सुबुद्धी झाली की बावीस. अशा आनंदात त्या घरी गेल्या आणि आलं घालून चहा प्यायल्या.

शुक्रवारी सकाळी मुलांनी सेहेचाळीस मोजली.

मुलं आता मोजायला बसत नसत, तुटून पडत. एकोणचाळीस हा शब्द त्यांना इतका आवडला की तो तीनतीनदा म्हणत. शनिवारी अठ्ठावन्न भरली. हंसाबाईंचा चेहरा ताटीवरच्या केळ्यांबरोबर वाळत चालला होता. आत्मारामभाऊ डोकावले आणि म्हणाले, "बावीस ना, बाई?" हंसाबाई म्हणाल्या, "बावीस." तेवढ्यात मागून बावीस मुलं एका सुरात ओरडली, "अठ्ठावन्न!" आत्मारामभाऊ हसले नाहीत. त्यांनी फक्त टोपी नीट केली आणि ते गेले. हसले असते तर बरं झालं असतं.

रविवारी बालवाडीला सुट्टी, पण मोजणीला सुट्टी नव्हती. मुलांनी घरोघरच्या ताट्या मोजून काढल्या. ज्या वाडीत पिढ्यान् पिढ्या केळी फक्त तोलली गेली, तिथे पोरं कुडाच्या पलीकडून ओरडत होती, "आमची सत्तर!" "आमची शंभर!" शंभरवाला खोटं बोलत होता, पण तो आकडा अस्तित्वात आहे हे त्याने सिद्ध केलं. इझाबेल विहिरीवर सांगत होती, जुलियानाने मिस्सा चालू असताना देवळातल्या मेणबत्त्या मोठ्याने मोजल्या आणि फादरने वळून बघितलं.

यातलं काही हंसाबाईंच्या कानावर गेलं नाही. त्या घरात बसून विचार करत होत्या. उद्या पर्यवेक्षिका येणार. कागदावर बावीस. ताटीवर देव जाणे किती. ज्या बाईला बावीस केळी मोजून ठेवता येत नाहीत, तिच्या हाती बावीस मुलं कोण ठेवणार? बालवाडी वरच्या वाडीला जाणार. तिथवर चालत जायला मधे मोठा रस्ता, काशीराम-मालनसारखी पोरं घरीच बसणार, आणि जन्मभर सगळी वाडी म्हणणार, चार गुण.

शेवटी त्यांनी मनाचा हिय्या केला. सोमवारी उजाडताच त्या अंगणात गेल्या. केळी, आता छान झालेली सुकेळी, त्रेसष्ट होती. त्यांनी त्यातली एक्केचाळीस पदराआड उचलली, घरी नेऊन पिठाच्या डब्यात टाकली आणि ताटीवर मोजून, बोटाने, पुन्हा बोटाने, बावीस ठेवली. मग अंघोळ केली, इस्त्रीचं पातळ नेसल्या आणि वर्ग झाडायला गेल्या. आयुष्यात प्रथमच त्यांचं उत्तर पुस्तकाशी जुळलं होतं.

इकडे सकाळच्या पाण्याला पहिली आली इझाबेल. तिने ताटीकडे बघितलं आणि कळशी खाली ठेवली. काल साठाच्या वर असलेली सुकेळी आज एवढीशी! नेमकी तपासणीच्या दिवशी बाईंची सुकेळी कोणीतरी चोरली! ती तशीच घरी धावली. दुसरी आली, तिनेही तेच बघितलं, तीही धावली. कोणी कोणाशी बोललं नाही. जी आली ती ताटीकडे बघून मागच्या पावली घरी गेली आणि पदरात काहीतरी घेऊन परत आली.

द्वारकाताई अकराला आल्या. उंच, चष्मेवाल्या, हातात फाइल. सोबत आत्मारामभाऊ. वर्गात मुलांनी वार सांगितले, रंग ओळखले, काशीराम टक लावून बघत राहिला. द्वारकाताईंनी फाइल उघडली.

"ती सुकेळी कुठाहेत? कचेरीत सगळ्यांनी तुमचा अर्ज वाचलाय. बावीस नग ना?"

"बावीस," हंसाबाई म्हणाल्या, त्या आठवड्यात पहिल्यांदाच ठाम आवाजात. त्या सगळ्यांना घेऊन अंगणात आल्या. ताटीवर सुकेळ्यांचा खच पडला होता. दोन बोटांचं अंतर सोडाच, सुकेळ्यांवर सुकेळी होती. विहिरीभोवती वाडीतल्या साऱ्या आया पाणी न भरता उभ्या होत्या.

हंसाबाईंना वाटलं, विहीर जवळच आहे.

"ही बावीस?" द्वारकाताईंनी चष्मा पुसला.

आत्मारामभाऊंनी आकाशाकडे बघितलं. "मी म्हटलं होतं," ते हळूच म्हणाले. "प्रत्येकाचा एक विषय असतो."

"मोजून तरी दाखवा, बाई," द्वारकाताई म्हणाल्या.

हंसाबाई ताटीपुढे वाकल्या. त्यांनी तोंड उघडलं, पण आवाज आला तो जुलियानाचा. "एक!" आणि बावीस पोरं सुरू झाली. दोन, तीन, चार. दहा आलं, द्वारकाताईंनी मान हलवून फाइलीत खूण केली आणि पेन मिटलं. मुलं थांबली नाहीत. वीस गेलं. तीस गेलं. एकोणचाळीस तीनदा झालं आणि एकदाच धरलं गेलं. द्वारकाताईंनी पेन पुन्हा उघडलं. पन्नासला आत्मारामभाऊंची मान आकाशातून खाली आली. एकोणसत्तरला गाडी अडली. हंसाबाईंनी डोळे गच्च मिटले. मग कुणीतरी 'सत्तर' म्हटलं आणि सगळी पोरं पुन्हा सुटली. काशीराम बोलत नव्हता, पण त्याचं बोट प्रत्येक सुकेळ्यावर पडत होतं. ऐंशी. नव्वद. एक्याण्णव.

एक्याण्णवला सुकेळी संपली. मुलं थांबली, कारण पुढे मोजायला काही उरलं नव्हतं.

द्वारकाताईंनी फाइलीतली आधीची खूण खोडली. मग म्हणाल्या, "वरच्या वाडीत आठपर्यंत येतं. हे तुम्ही केलंत कसं?"

"मी नाही केलं," हंसाबाई म्हणाल्या, आणि त्यांचा बांध फुटला. "मी बावीसच ठेवली होती हो! रोज बावीस ठेवते नि रोज वाढतात! कोन ठेवतं देव जाने!"

तेव्हा इझाबेल पुढे आली. तिचा चेहरा लाल झाला होता. "बाय, पहिल्याच दिवशी माझ्या जुलियानानं एक खाल्लं. मना लाज वाटली. तुझ्या मोजणीतलं केळं! म्हणून घरच्या ताटीवरचं तसंच, एक दिवस वाळलेलं आणून ठेवलं. आनि परत करताना कोन मोजून मापून करतं? वर एक ठेवलं."

"तू पण?" मालनची आई म्हणाली. "मी पण!"

"आनि मी!"

उलगडा व्हायला वेळ लागला नाही. वाडीची रीत अशी की उसनी वाटीभर साखर शीग लावून परत करायची, कुणाचं भांडं रिकामं पाठवायचं नाही. पोराने एक खाल्लं की आईने दोन ठेवायची. मंगळवारी खाल्लं तर एक दिवस वाळलेलं, गुरुवारी खाल्लं तर तीन दिवस वाळलेलं. घरोघर ताट्या होत्या, हवा तसा जोड मिळत होता. प्रत्येकीला वाटत होतं, चोर एकटं आपलंच पोर. जितकी चोरी होत गेली, तितका माल वाढत गेला. हे गणित मॅट्रिकच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं, आणि असतं तर हंसाबाईंना पैकीच्या पैकी पडले असते. यशोदाकाकू तर पदरात तोंड लपवून म्हणाली, "माझ्या काश्यानं किती खाल्ली ते इचारू नको. माझी अर्धी ताटी हितंच हाय."

द्वारकाताई हसल्या. अगदी फाइल खाली ठेवून, डोळे पुसत हसल्या. मग त्यांनी हात पुढे केला. "शुक्रवार दुपारपासून टिकाऊ, नाही का? बघू तरी," म्हणत त्यांनी ताटीच्या कडेचं एक सुकेळं उचललं आणि चावलं.

"नव्वद," कुणीतरी म्हणालं.

जुलियाना नव्हे. मालन नव्हे. आवाज घोगरा होता, वर्गात कधीच ऐकू न आलेला. काशीराम ताटीजवळ उभा होता, मोकळ्या झालेल्या जागेवर बोट ठेवून. द्वारकाताईंच्या तोंडातला घास तसाच राहिला. वजाबाकी बालवाडीच्या अभ्यासक्रमात नव्हती.

यशोदाकाकूचे डोळे भरून आले. तिने नातवाकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, आणि पाहुणीने एक खाल्लं म्हणून, निव्वळ जन्मभराच्या सवयीने, पदरातून दोन सुकेळी काढून त्या मोकळ्या जागेवर ठेवली.

"ब्याण्णव," काशीराम म्हणाला.

द्वारकाताईंनी फाइल उघडली आणि लिहिताना मोठ्याने वाचलं, "मुले ब्याण्णवपर्यंत मोजतात. बेरीज-वजाबाकीही येते. साहित्य टिकाऊ. बालवाडी खालच्या वाडीतच राहावी." आत्मारामभाऊंनी टोपी काढली, ती का काढली हे त्यांचं त्यांनाच कळेना, म्हणून पुन्हा घातली.

हंसाबाई तशाच उभ्या होत्या. कुठेतरी जुन्या मार्कलिस्टवरचे ते चार गुण, वर चार ठेवून, कोणीतरी त्यांच्या पदरात परत टाकल्यासारखं त्यांना वाटत होतं. एवढा अभिमान त्यांना लग्नातही वाटला नव्हता. काशीरामने त्यांच्या पातळाचा काठ ओढला आणि वर्षभरात पहिल्यांदाच बाईंना प्रश्न विचारला.

"पुढे काय?"

"त्र्याण्णव, बाळा," हंसाबाई म्हणाल्या. मग त्यांना पिठाचा डबा आठवला आणि त्या लगबगीने निघाल्या. "थांब, आनते."